पाहुण्याला बांधलेला फेटा

टूनगॅबी, सिडनी
३० ऑगस्ट २०२०

चि. सौ. लतास,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. दाजींना नमस्कार.

तुझी राखी आणि पत्र परवा मिळालं. विमानं बंद, त्यामुळे इतके दिवस कुठे फिरत होतं कोण जाणे. सूनबाईंनी पाकिटावर आधी सॅनिटायझर मारला, त्यात तुझी शाई फुटली. तरी सगळं वाचता आलं. आलं नसतं तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

आम्ही बरे आहोत. राजीवचं ऑफिस सध्या जेवणाच्या टेबलावर, म्हणून मी दिवसभर पाय न वाजवता चालतो. परसात लिंबं मोप आली. लोणचं घातलं, मीठ जास्त झालं.

असो. किती लांबण लावू?

तू विचारलंस, 'दादा, त्या चिनी पाहुण्याला तू विनयचं विचारलंस, तेव्हा तो काय म्हणाला? माझ्या पोराला शेवटी पाणी तरी मिळालं का? इथं कुणी सांगत नाही. तू सांग, मी ऐकून घेईन.'

लता, मी विचारलंच नाही.

फोटो बघून तू फोनवर किंचाळलीस, 'माझा मुलगा लडाखात सापडत नव्हता आणि तू त्यांच्या माणसाला फेटा बांधत होतास?' मी घाबरून बोलून गेलो, अगं, विनयची चौकशी करायलाच गेलो होतो. तू रडलीस. म्हणालीस, 'मग ठीक.' त्या 'मग ठीक'वर मी दोन महिने सुखानं जेवलोय.

खरं ते असं. इथल्या एका मेयरचं चीनमधल्या एका शहराशी सख्य. तिकडून मास्कची खोकी आली, म्हणून सिडनीतल्या चिनी वकिलातीच्या साहेबाचा बागेत सत्कार ठेवला; फेटा बांधायला मी. वीसच माणसांना परवानगी. सीमेवर मारामारी झाल्याचं कळलं तशा इथल्या मराठी मंडळाच्या चित्रलेखाबाई म्हणाल्या, "काका, आपण जायचं नाही हं." तेवढ्यात मेयरचा फोन. "नंदू, मेट, तुझ्याशिवाय शोभा नाही. भांडणं तिकडे, इथे आपण मित्र." जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस मी. मेयरनं नावानं हाक मारली आणि अंगावर मूठभर मांस चढलं.

आदल्याच संध्याकाळी तू विनयचा पत्ता नाही म्हणून सांगितलं होतंस. देव पाण्यात ठेवले होतेस. आणि मी सकाळी उठून फेट्याच्या चुण्या घालत बसलो.

विनयचं नाव आणि पलटण चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवली होती, एवढं मात्र खरं. फेटा बांधताना पाहुणा माझ्याकडे बघून हसला. भला माणूस वाटला. म्हणाला, तुमच्या घरचे इंडियात सगळे सुखरूप आहेत ना?

आयतं दार उघडलं होतं. पण मेयर शेजारी, कॅमेरा समोर. मला वाटलं, फोटो बिघडेल.

मी म्हणालो, "ऑल गुड. नो वरीज."

त्याच दुपारी विनय गेल्याचा निरोप तुझ्या दारात आला.

तू पाहिलास तो फोटो त्याच क्षणाचा. त्यात माझं तोंड उघडं आहे ना? मी तेच म्हणत होतो.

आता माझ्या भरवशावर राहू नकोस. दुसऱ्या कुणाला तरी विचार.

तुझा म्हणवून घ्यायचं तोंड न उरलेला,
नंदू