विंचूरच्या मशीनमधला आवाज

२ फेब्रु., सोम.
विंचूरहून गंगाधरभाऊंचा फोन. कांद्याच्या गोदामात काट्यावर बसतात ते. ह्यांचं तिथलं जुनं मशीन, वजनांचा कॉम्प्युटर, शनिवारी भंगारात जाणार, फोनची लाइनही त्याच दिवशी बंद. "वहिनी, साहेबांची एक फाइल हाय त्यात. तुमच्याच नावाची. सुमन." आवाजाची फाइल. तारीख, हे गेले त्याच्या आदल्या मंगळवारची.
वर्ष होत आलं. फोटो पुष्कळ. आवाज कुठेच नाही.

३ फेब्रु.
तिकडच्या मशीनला पेन ड्राइव्ह लागत नाही, स्पीकर नाही. गोदामाचे शेठ हलवू देत नाहीत. एकदा बंद केलं तर पुन्हा उठायचं नाही म्हणतात. म्हणून हे घरून जोडायचे त्याच वाटेने. घरचा मोडेम, फोन, तिकडचा मोडेम, मग डबा, डब्यातून मशीन. (डबा हा ह्यांचा शब्द. वहीत टर्मिनल सर्व्हर, फोन आणि मशीन यांच्या मधला.) मी दहावी नापास, पण वर्षभरात ह्यांच्या सगळ्या वह्या वाचून काढल्यात.
दुपारी फोन लावला. मोडेम किंचाळला, जोडला. वजनांची यादी मागवून पाहिली, नीट आली. मग 'सुमन'. मध्येच तुटली. रिसीव्हर कानाला लावला तर गं.भाऊ, "हॅलो? कोन किंचाळतंय?"

४ फेब्रु.
म्हटलं, भाऊ, वाजला तरी उचलू नका. तर म्हणाले, "मंग साहेबांसारखं करा ना. दोनदा वाजवून ठेवायचे. पुढचा फोन मशीनचा. मी हात लावत नसायचो."
एकतीस वर्षं संसार केला. ही खूण मला माहीत नव्हती.
तसं केलं. जरा वेळाने त्यांचा मोबाइल आला. "वहिनी, दोनदा वाजून थांबला न्... लय कसंतरी झालं. वाटलं साहेबच."
फाइल अडकलीच.

५ फेब्रु.
पाच वेळा केलं. वेग निम्मा केला, तरी तेच. आली तेवढी वाजवून पाहिली. पंख्याची घरघर. नऊ सेकंद. खुर्ची सरकली. मग "सु". बस.
दर वेळी "सु"लाच. लाइन खराब असती तर कुठेही तुटली असती.
"सु" किती वेळा ऐकला, मोजलं नाही. भात तसाच राहिला.

६ फेब्रु., शुक्र.
वहीत सापडलं. डब्याला 'थांब' सांगायचं एक ठरलेलं चिन्ह असतं. याद्यांत ते येत नाही. आवाजाच्या फाइलीत कुठलंही चिन्ह येतं. पंख्याच्या आवाजात आलं नाही. हे मोठ्याने बोलायला लागले की येतं. डब्याला वाटतं हुकूम झाला. बिचारा थांबतो.
ह्यांच्या अक्षरात उपाय: चिन्हाने थांबणं बंद, तारेतल्या इशाऱ्याने थांबणं चालू. बदललं. पुन्हा "सु". खालची ओळ वाचलीच नव्हती: फोन ठेवून परत जोडणे, नाहीतर लागू होत नाही.
ठेवला. दोनदा वाजवलं. जोडला. आकडा पुढे सरकला...
दुपारी ३.१०. पूर्ण आली.

तीच तारीख, संध्याकाळ.
"सुमन, येतंय का ऐकू? हा डबा फार त्रास देतो. नीट आलं तर दोनदा वाजवून ठेव, मग दुसरी पाठवतो. समोर बसून जमत नाही गं मला बोलायला, म्हणून आपलं..." हसले. खोकला. पंखा.

त्या मंगळवारी सांगून गेले होते, दुपारी घरचं मशीन चालू ठेव. मी बंद करून शेजारी रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला. संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारलं, "आलं का काही?" मी म्हटलं, "कुठे काय." हात धुऊन जेवायला बसले.
दुसरी फाइल यादीत नाही. तीनदा पाहिलं.

७ फेब्रु., शनि.
सकाळी वहीत: खोडलेली फाइल लगेच जात नाही, मशीनच्या आतल्या तबकडीवर राहते. म्हणजे दुसरी बोलून खोडली असेल तर... नसेलच बोलले तर...
गं.भाऊंना फोन. म्हटलं, मशीन भंगारवाल्याला देऊ नका, मी न्यायला येते.
"शेठला सांगतो मी. पन वहिनी, बंद केल्यावर उठंल का ते?"
"माहीत नाही."
"बारा वाजता लाइन काढतेत. आजून काई घ्यायचंय?"
"नाही."
पावणेबाराला फोन लावला. एकदा वाजला. दोनदा. ठेवला.
येवल्याची एस.टी. साडेबाराला, विंचूरवरूनच जाते. जाडी चादर घेतलीय, गुंडाळायला.