कापडाची चव

नाना, आज दुपारी आईच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी स्टूल ओढून लिहायला बसलेय. आई आत झोपलीय, पंखा घरघरतोय, खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येतेय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुम्ही होतात तेव्हा आपण सगळे एका खोलीत, पत्र कोण कुणाला लिहिणार? आता लिहितेय तर पत्ता नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेलीय, लहानपणीची, तुमच्या मिलमधली, आणि ती मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेली नाही. पण मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, सरळ मुद्द्यावर येणार नाही. जरा फिरून येते.

आधी माझं काम ऐका. हसू नका आणि रागावूही नका. तुमची लेक वाइन चाखते. देशोदेशीच्या बाटल्या, पोर्तुगालच्या, चिलीच्या, दक्षिण आफ्रिकेच्या, आपल्या नाशिकच्यासुद्धा. चाखायची आणि लोकांना सांगायचं, ही घ्या, खिशाला परवडेल आणि जिभेलाही बरी वाटेल. महागाच्या बाटल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी स्वस्तातल्या चांगल्या शोधते. आणि राहते कुठे, तर सुरतेत, जिथे बाटलीला दारातून आत यायची परवानगी नाही! म्हणून दर महिन्याला मुंबईला जाते, तिथे दोन दिवस चाखते, आणि परत येताना फक्त वही घेऊन येते. आई शेजारपाजारी सांगते, “मन्ही पोर द्राक्षंसना कंपनीमा शे.” खोटं तरी कसं म्हणायचं? समोरच्या बेन दरवेळी विचारतात, “अमारा माटे द्राक्ष नथी लाव्या?” आणि मी दरवेळी स्टेशनबाहेरून अर्धा किलो द्राक्षं घेऊन त्यांच्या हातावर ठेवते.

तुम्हाला हे आवडलं असतं का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. बहुतेक नसतं आवडलं. पहिले चार दिवस जेवला नसतात. पाचव्या दिवशी मात्र हळूच विचारलं असतंत, की चाखायची म्हणजे नेमकं काय करायचं. आणि मी सांगितलं असतं, नाना, तुम्हीच तर शिकवलंत.

डोळे मिटले की सुरतेच्या टोकाची, पांडेसऱ्याची ती गल्ली येते. मिलच्या मागची खाडी, आणि तिच्या पाण्यावरून आज कुठला रंग चाललाय ते शाळेतून येताना मला कळायचं. आज राणी, आज मोरपिशी, आज नुसतं काळं. मी अकरा-बारा वर्षांची आहे. तुम्ही कलर मास्टर आहात, आणि अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटीत तुमचं नाव आहे की हा खानदेशी मास्तर कागद लावत नाही, जिभेने सांगतो. लॅबमधल्या पोरांकडे रंग बदलणारे कागदाचे तुकडे असायचे, ओल्या कापडाला लावायचे आणि त्यात कॉस्टिक सोडा उरलाय का बघायचं. तुम्ही त्या कागदाला नाक मुरडायचात. धुतलेल्या कापडाचा कोपरा पिळायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, क्षणभर डोळे मिटायचे. साबणासारखं कडवट लागलं तर कॉस्टिक आहे, अजून धुवा. काहीच लागलं नाही तर चढवा मशीनवर, सुकवायला. शेठ पाहुण्यांना घेऊन यायचे, हा तमाशा दाखवायला.

आणि मग एके दिवशी तुम्ही दुपारी जेवायला घरी आलात ते डब्याच्या झाकणात ओल्या कापडाचा तुकडा घेऊन. “आठे ये पोरी. जीभ काढ.” आई चुलीवरून ओरडली, “काय येड लागनं का तुमले? लेकरूना तोंडमा जहर घालतस!” तुम्ही हसलात. म्हणालात, टोकाला फक्त लावायचं, गिळायचं नाही, लगेच थुकी द्यायचं. आधी तोंड धुवायचं, नुसत्या पाण्याने, दोनदा. मग सांगायचं काय लागतं. खोटं सांगायचं नाही, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. मला तो खेळ वाटला. आमच्या वर्गात कुणाच्याच वडिलांनी कापडाची चव शिकवली नव्हती! मी धावत मोरीवर जायची, खळखळून दोन चुळा भरायची, परत येऊन ऐटीत जीभ काढायची. “साबण लागतो.” तुम्ही मान हलवायचात, घाईघाईने चार घास गिळायचात आणि निघायचात. जेवणाच्या सुट्टीत कापडाचा अख्खा लॉट थांबलेला असायचा, तुम्ही गेल्यावर काय ते ठरायचं. मला काय ठाऊक की ते माझ्या जिभेवर ठरतंय.

मुंबईत चाखायला बसतो तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात थुंकायला भांडं असतं. नव्या माणसांना लाज वाटते, ते गिळून टाकतात आणि सहाव्या ग्लासाला त्यांना सगळंच छान लागायला लागतं. मला पहिल्या दिवसापासून लाज वाटली नाही. बाई म्हणाल्या होत्या, मी लिहिते त्या मासिकाच्या संपादक बाई, कुठे शिकलीस गं इतकं नेमकं? मी म्हटलं, मोरीवर. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी सकाळपासून चहासुद्धा घेत नाही त्या दिवशी. सगळे चिडवतात, हिचं आज एकादशीचं व्रत. चिडवू देत.

अजून एक तुमचंच उचललंय. तुम्ही म्हणायचात, भारी कापडावर रंग कुणीही चढवेल, बाजारातल्या शेवटच्या बाईला परवडेल त्या साडीवर रंग नीट बसला पाहिजे, तिला दुसरी घ्यायची नसते. मी स्वस्तातली बाटली उघडते तेव्हा मला ती शेवटची बाई आठवते. पुण्याचे एक शिक्षक आहेत, निवृत्त. वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला, नवरा-बायको एक बाटली आणतात, आणि ती मी सांगेन तीच. मागच्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं, तुमच्यामुळे आमची एक संध्याकाळ गोड झाली. एवढ्यासाठी तर मी हे करते, नाना. दुसरं काय आहे त्यात.

आता येते मुद्द्याकडे. नाही, आधी अलीकडचं सांगते, कारण त्याच्यामुळेच हे सगळं वर आलंय. मागच्या महिन्यात मला ताप आला. साधा ताप, पाच दिवसांचा. उठले आणि आईने फोडणी टाकली, तर मला कसलाच वास येईना. लसूण नाही, जिरं नाही. मी कढईवर वाकून उभी राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, वास मात्र नाही. आई म्हणाली, “व्हई बरं, ताकद नही आंगमा.” पंधरा दिवसांनी मुंबईला जायचं होतं. गेले. बारा ग्लास पुढे ठेवलेले. आठांचं कसंबसं जिभेवर निभावलं, आंबट किती, तुरट किती, अंगात किती जड, ते जीभ सांगते. उरलेल्या चार वाइनचा सगळा जीव वासात होता, आणि माझं नाक म्हणजे बंद दुकान. मी काय केलं? मी मागच्या वर्षीची वही आठवली आणि लिहून टाकलं. पिकल्या पेरूचा वास, पावसाळी मातीचा वास, घ्याच. घ्याच, असं लिहिलं मी! बाई खूश झाल्या. त्या चारांतली एक पुण्याच्या शिक्षकांना सुचवायची ठरली.

परत येताना गाडीत डोळा लागला, आणि तुम्ही दिसलात. फोल्डिंग खात्यात पाठ करून बसलेले, घडी घालताय, घडी घालताय, आणि कापड संपत नाही. मी हाक मारतेय, पण तोंडात काहीतरी आहे म्हणून आवाज फुटत नाही. सुरतेआधीचं उधना स्टेशन आलं तेव्हा जाग आली.

तर तो दिवस. गुलाबी रंगाचा लॉट होता, फिका, लग्नसराईच्या साड्यांचा. तुम्ही दुपारी झाकणात तुकडा घेऊन आलात, घामाने निथळत, घाईत. मी जीभ लावली, थुंकले, आणि म्हटलं, “काही लागत नाही.” तुम्ही विचारलंत, नक्की? मी म्हटलं, नक्की. संध्याकाळी तो सगळा गुलाबी सुकवताना पिवळट पडला, डाग डाग, जसे कुणी हळदीचे हात पुसलेत. कापडात कॉस्टिक राहिला होता. त्यावर शेठने जे केलं ते मी पाहिलं नाही, पण गल्लीने इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. त्यांनी सगळ्या खात्यासमोर तुमच्यापुढे तीन तुकडे ठेवले. सांगा मास्तर, यातला कुठला धुतलेला, कुठला नाही. तुम्ही एक उचललात, जिभेला लावलात. दुसरा लावलात. तिसरा लावलात. मग म्हणालात, “माले समजत नही.”

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फोल्डिंगमध्ये. शेवटपर्यंत तिथेच.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी वेणी घालत होते. तुम्ही माझ्याशेजारी बसलात आणि अगदी हळू विचारलंत, “पोरी, तोंड धोयं व्हतं ना?” मी आरशातच बघत म्हटलं, “हो नाना.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “मंग मन्हंच चुकनं व्हई.” आणि उठलात. त्यानंतर तुम्ही मला कधी कापड चाखायला दिलं नाही. मला वाटलं, रुसलात. तुमची जीभ आणि नाक दोन वर्षं आधीच गेलं होतं, रंगखात्यातल्या वाफांमध्ये, आणि तुमची नोकरी माझ्या जिभेवर चालली होती, हे मला आईने सांगितलं ते तुमच्या तेराव्यानंतर. लॅबमध्ये जाऊन कागद मागायचा, तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तुम्ही घरी यायचात. नाना, मला तुमचा रागही येतो. एवढ्याशा पोरीच्या जिभेवर अख्खा लॉट टाकायचा? मागायचा होता की एक कागद! काय बिघडलं असतं? चार पोरं हसली असती, दोन दिवस.

हे लिहिलं आणि माझंच मला हसू आलं. कारण मी तरी मुंबईत काय केलं? मलाही म्हणता आलं नाही, आज माझं नाक चालत नाही.

आज सकाळी बाईंचा फोन होता. “यादी फायनल ना गं? छापायला सोडते.” मी म्हटलं, थांबा. म्हटलं, त्यातल्या चार मी न चाखताच लिहिल्यात, मला वास येत नाहीये, ताप आल्यापासून. मग त्या म्हणाल्या, “आणि हे तू आत्ता सांगतेस?” मी म्हटलं, हो. म्हणाल्या, “कधी येईल परत?” मी म्हटलं, मला समजत नाही. तेच शब्द, नाना, माझ्या तोंडून. त्या चार नावं काढून टाकणार आहेत. माझं नाव काढायचं की ठेवायचं ते सोमवारी सांगतील. पुण्याच्या शिक्षकांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, या वर्षी आम्ही उसाचा रस पिऊ.

हे मी घाबरत घाबरत केलं, धीट वगैरे होऊन नाही. आणि एकदा एक खरं बोलून झालं की दुसरं आपोआप जिभेवर येतं, असं दिसतंय. तर ऐका.

त्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेचे गोळे आले होते, मीठ-तिखट लावलेले, काडीला खोचलेले. मी दोन खाल्ले होते. दुसरा तर गल्लीत वळेपर्यंत तोंडातच होता. तुम्ही घाईत होतात, मोरीवर आई भांडी घासत होती, मी गेलेच नाही तिकडे. तोंड आंबटढाण होतं. त्यात साबणाची चव कशी लागणार होती? मला कळत होतं की धुवायला हवं. कंटाळा केला, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरून नाही, चिंच खाल्ली म्हणून आई ओरडेल एवढ्यासाठी, हो म्हटलं.

आई उठलीय, आतून विचारतेय, “काय लिखस व?” हे कागद मी पोस्टात टाकणार नाहीये, पिठाच्या डब्याखाली ठेवीन, तिला वाचता येत नाही. चहा टाकते आता. आल्याचा वास येतो का ते रोज बघते, अजून आला नाही.

नाना, तुमचं चुकलं नव्हतं. मी तोंड धुतलं नव्हतं.