खोपटहून आणलेला जबडा

सर, आज शीळफाट्याला उंट भेटला. खरंच. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही उंटाचा खालचा जबडा माझ्या हातात ठेवलात, तेव्हा मी विचारलेलं, "डोंबिवलीत उंट कुठे येणार?" तुम्ही म्हणालात, "उंट येवो न येवो, हाड विसरू नकोस." खोपट डेपोत कंडक्टरने पिशवीत डोकावून "चावत नाही ना?" विचारलं आणि अख्खी एसटी हसली. तेव्हापासून जबडा दवाखान्यात टेबलावर आहे. मांजरं हुंगतात, कुत्रे भुंकतात.

आजचा उंट वरातीतला. लग्नाच्या हॉलमागे बसलेला, तोंडाला फेस. आंबिवलीहून आलेला मालक म्हणाला, "साहेब, माजावर आलाय. या दिवसांत फेस येतोच, खाणंपण कमी होतं. पण आता पाण्यालाही तोंड लावत नाही. भाऊ म्हणतो, सुई देऊन मोकळा कर. कसा करू? बाटलीने दूध पाजून वाढवलाय." बोलता बोलता तो उंटाचं तोंड पुसत होता, आणि मला ऐकू आलं : कर्र. ओल्या मिठावर पाय पडावा तसं. मिठागरावर वाढलोय सर, तो आवाज मी ओळखतो.

"कुणाशी झुंजला का?"

"झुंजला ना, दुसऱ्या नराशी."

"मग माज आहेच, पण जबडाही मोडलाय. सुई देऊ, पण भुलीची."

उंटाच्या आकृतीत वशिंडात हाड काढलं म्हणून तुम्ही मला वर्गासमोर उभं केलेलं : "अरे, आत चरबी असते. तू काय देवळाचा कळस काढतोयस?" मग डोळे मिटायला लावून हाच जबडा हातात दिलात. सुळ्यामागे हाड निमुळतं होतं, मोडतं ते तिथेच. जवळच्या छिद्रातून नस बाहेर येते. आज उंटाला गुंगी दिल्यावर मी तसेच डोळे मिटतो. ओठाखाली अंगठा फिरतो, छिद्र सापडतं, तिथे भूल देतो, मग दातांना तार गुंडाळून हाड जुळवतो.

"डॉक्टर, मंत्र म्हणताय का?" मालक विचारतो.

"गुरूला विचारतोय. गप्प बस जरा."

संध्याकाळी उंटाने भिजवलेला कोंडा खाल्ला. मी कान लावून बसलेलो. नुसतं मचमच, कर्र नाही. मालक बँडवाल्याला ओढून नाचवत होता, मलाही नाचवलं.

तारेची शेवटची गाठ मात्र जरा वाकडी बसलीय. उंटाची तक्रार नाही. तुमची नक्की असेल, म्हणून हे पत्र पाठवत नाही.