होऊ घातलेल्या सासऱ्याचा मुखवटा

तीर्थरूप मामांस, कापुआ मुक्कामी, रोमहून नुमेरिअसचा नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेल तर आनंद आहे. माझीही तशीच आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. खरं म्हणजे काल ऑर्बिअसांच्या मेणाच्या मुखवट्याचे बंद माझ्या डोक्यामागे आवळले गेले, त्या क्षणापासून माझं काही खरं नाही.

म्हातारा गेला, हे कळलंच असेल. त्याच्या मुलीवर, ऑर्बियावर, माझा जीव आहे, हे तर तुमच्या खेचरांनाही ठाऊक आहे. मी वक्तृत्वाची शाळा अर्ध्यात सोडली (सोडली, हाकललं नाही, दौत मी आधी फेकली होती), तेव्हा यानंच मला उंबऱ्यावरून परतवलं होतं. “आधी एक भाषण तरी पुरं कर, मग मुलगी माग!” वर्षभर तिच्या मागे हिंडलो, पण दिसायचा जास्त करून तिचा बापच. त्यामुळे त्याची लंगडी चाल, खोकला, सगळं मला पाठ. मग अंत्ययात्रेत रिवाजाप्रमाणे मेलेल्याचा मुखवटा घालून त्याची नक्कल करणाऱ्या नटाचा पाय मुरगळल्यावर मी पुढे झालो. बेत सोपा होता. भर चौकात म्हाताऱ्याच्या तोंडून म्हणायचं, “माझी पोर नुमेरिअसला द्या.” मेलेल्याचा शब्द कोण मोडणार?

मेण गार होतं, मामा, आणि आतून ओलं. घरून निघताना त्याची बायको आली, माझा झगा सारखा केला आणि रागावली, “अहो, आज तरी नीट चाला.” मी तेव्हा लंगडायला सुरुवातही केली नव्हती. चौकात पूर्वजांचे मुखवटे घातलेली माणसं खुर्च्यांवर ओळीनं बसली होती. मी आलो तशी सगळी सरकली आणि मधे जागा केली. (ठरलं असेल. मी विचारलं नाही.) मी उठलो, खाकरलो, तोंड उघडलं आणि त्यातून म्हाताऱ्याचा आवाज आला, “त्या नुमेरिअसला मुलगी द्यायची नाही!” मी पुन्हा जोर लावला. “दारातसुद्धा उभं करू नका!” लोक हसून लोळले. “हुबेहूब रे, हुबेहूब!”

त्यांच्या घरी परतून मुखवटा काढला, कपाटात टांगला, तोंड धुतलं. ऑर्बिया समोर आली. वर्षभरात पहिल्यांदा इतक्या मायेनं माझ्याकडे बघत म्हणाली, “बाबा, दमलात?”

तुमचा भाचा,
नुमेरिअस

ता. क. मुख्य काम राहिलंच. लगेच या आणि तिच्या आईकडे माझ्यासाठी रीतसर मागणी घाला. आता नाही म्हणणारं घरात कोणी उरलेलं नाही (असं काल सकाळपर्यंत वाटत होतं).

ता. क. दुसरा. राहू द्या, येऊ नका. त्यांचा गडी डामा माझ्या खोलीच्या दारात उभा आहे. म्हणतो, “मालक, बाई जेवायच्या थांबल्यात.” मी ओरडलो, “डोळे फुटले का? मी नुमेरिअस!” तो म्हणाला, “हो मालक, काल फार हसलो आम्ही. चला आता.” ऑर्बियाही थांबली आहे म्हणे. तिच्यासमोर बसून जेवायचं वर्षभर स्वप्न बघितलंय, मामा. निघालो. दार ओढून घेतो.