लिफ्टची कोरी चिप आणि मी मागे घेत असलेला शब्द

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा इलेक्ट्रॉनिक बोर्डांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, हे त्यांचे उपकार. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीचं. जावईबापूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बसवावी. चार वर्षं "या रविवारी नक्की" म्हणताहेत.

२. गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी वरच्या मजल्यावरच्या बाईंना द्यावी. तिच्यावरून आम्ही वीस वर्षं भांडलो. आता एकट्याच वापरा म्हणावं, मजा येते का बघा.

३. दुकान, सगळी हत्यारं आणि चिपवर प्रोग्रॅम उतरवायची दोन्ही यंत्रं, म्हणजे प्रोग्रॅमर, टेबलावरचा मोठा आणि हातात मावणारा छोटा, माझ्या धाकट्या दिरांना. कारण सविस्तर लिहिते, म्हणजे उद्या कोणी "त्यांनाच का?" असं विचारायला नको.

यजमान गेले तेव्हा मला दुकानाचं फक्त शटर उघडता येत होतं. दिरांनी शेजारी बसवून शिकवलं. चिप हा बोर्डाचा मेंदू. तिच्यातला प्रोग्रॅम गेला की बोर्ड नुसता पत्रा. चिप प्रोग्रॅमरच्या खाचेत बसवायची, दांडी खाली करायची, मग वाचायचं, पुसायचं, लिहायचं आणि शेवटी पडताळायचं. "वहिनी, पडताळल्याशिवाय चिप बाहेर काढायची नाही. घाई गिऱ्हाइकाला असू दे," असं ते म्हणत. सहा महिन्यांत मी माझ्या पायांवर उभी राहिले.

पण गिऱ्हाइकं यायची आणि माझ्याकडे बघून विचारायची, "भाऊ कुठायत?" ते मला खुपायचं. एकदा एका हॉस्पिटलच्या लिफ्टचा बोर्ड दुरुस्तीला आला. दिरांनी न विचारता त्यातल्या प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवली. मला निमित्तच मिळालं. भरल्या दुकानात मी त्यांना चोर म्हटलं. ते चपला घालून निघून गेले. अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याच हॉस्पिटलच्या दोन एकसारख्या लिफ्टपैकी एक बंद पडली. तिच्या बोर्डावरची चिप मेली होती आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. मी म्हटलं, दुसऱ्या लिफ्टची चिप वाचते आणि नव्या चिपवर तेच उतरवते, दहा मिनिटांचं काम. छोटा प्रोग्रॅमर घेऊन तिथेच बसले. सकाळच्या कामापासून पडद्यावरची निवड 'पुसा'वर राहिली होती. मी 'वाचा' समजून बटण दाबलं. दोन सेकंदांत धडधाकट लिफ्टची चिपही कोरी.

ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना चौथ्या मजल्यावरून खालच्या वॉर्डात न्यायचं होतं. चौघांनी स्ट्रेचर धरून त्यांना जिन्याने उतरवलं. सलाईनची बाटली मी धरली होती. ते मलाच म्हणाले, "बाई, तुमचा हात दुखत असेल." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खाली पोचताच मॅनेजरबाईंना खरं काय ते सांगितलं आणि दिरांना फोन लावला.

"भाऊजी, मी..."

"कुठला बोर्ड?" त्यांनी विचारलं.

अर्ध्या तासात ते ती जुनी प्रत घेऊन हजर झाले. टोमणा नाही की कपाळावर आठी नाही. "चष्मा लावा आणि तुम्हीच लिहा. मी बघतो." मी दोन चिप लिहिल्या, दोन्ही पडताळल्या. लिफ्ट वर निघाली तशा नर्सबाई टाळ्या वाजवायला लागल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. माफी मागितली, तर म्हणाले, "प्रत विचारून घ्यायला हवी होती. तेवढं माझंही चुकलंच."

४. तो शब्द मी लोकांसमोर उच्चारला होता, म्हणून लोकांसमोरच मागे घेते. माझे दीर चोर नव्हते. मी आज जी कोणी आहे, ती त्यांच्यामुळे. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फेडायचा आव मी आणत नाही. हे कलम मी गेल्यावर नव्हे, आजच दुकानात मोठ्याने वाचावं.

त्याप्रमाणे वकीलसाहेबांनी ते वाचलं. दीर मान खाली घालून ब्रशने एक बोर्ड साफ करत होते. वाचून झाल्यावर त्यांनी वर न बघताच म्हटलं, "झालं? मग सही करा आणि इकडे या, वहिनी. या चिपचा एक पाय वाकलाय. तुमचा हात हलका आहे."

वाचून, समजून सही केली आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. शेजारच्या दुकानातल्या शिंपीणबाई (सही)
२. हॉस्पिटलच्या मॅनेजरबाई (सही)

ठिकाण: दुकानातलं कामाचं टेबल
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा वाजता