उशिरा पोचणारा आवाज

८ मार्च, रविवार

पुन्हा तक्रारी! आवाज तुटत नाही, पण उशिरा पोचतो. आमच्या ॲपवर दोघं एकदम बोलतात, मग दोघंही एकदम गप्प. साहेबांचं एकच — "नवीन सर्व्हर घ्या." सर्व्हर ठणठणीत आहे. नुसता बसून असतो.

घरीही तेच. दादा परगावी क्रेन चालवतो. रविवारी आई त्याच्याशी आमच्याच ॲपवर, व्हिडिओवर बोलते. "जेवलास का?" विचारलं की हा बराच वेळ नुसता बघत राहतो. आज आई म्हणाली, "त्याच्याकडे राहायला गेले नाही, त्याचा राग धरलाय. आणि बोलला की ओरडतो."

आई, लाइनच तशी आहे गं. मी दुरुस्त करते.

१० मार्च

सापडलं. डेटाचा एकही तुकडा, एकही पॅकेट हरवू नये म्हणून माझ्या आधीच्या माणसाने बफर — पॅकेट्स थांबवून ठेवायच्या जागा — अवाढव्य करून ठेवलेत. हरवत काहीच नाही — सगळं रांगेत तिष्ठत बसतं! कुणाच्या तरी भल्यामोठ्या फाइलमागे कुणाचं तरी "हॅलो" उभं.

साहेबांना म्हटलं, बफर लहान करते, आवाजाला वेगळी रांग देते.

"म्हणजे पॅकेट्स गळणार?"

"थोडी गळतील."

"गिऱ्हाइकाचा आवाज फेकून देणार तुम्ही?"

"शिळा आवाज घेऊन करायचं काय, साहेब?"

साहेब जायला वळले. मग — "बिघडलं तर तुमच्या गळ्यात."

१२ मार्च

बिघडलं. फारच छाटले बफर. आवाजाच्या चिंध्या! साहेबांनी सगळ्यांदेखत झाडलं. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

१४ मार्च

जमलं! थोडे वाढवले, थोडे कमी केले — आता बोललं की पोचतं. साहेब "बरं" म्हणाले. एवढंच. आईला मात्र सांगून टाकलं, उद्या बघ तू.

१५ मार्च, रविवार

स्क्रीनवर आधी वहिनी आली. "बऱ्या आहात ना, आई?" — अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं! आईचा चेहरा खुलला. मग दादा बसला. आईने विचारलं, "तब्येत कशी आहे रे?" आणि तो — तसाच. गप्प. नजरही आमच्याकडे नाही, जराशी वर. मी रांग तपासली. रिकामी.

"आता कुठली लाइन?" आई म्हणाली आणि उठून गेली. यापुढे त्याच्याशी बोलणार नाही म्हणते.

मीच तिला आशा लावली होती. संतापून दादाला मेसेज केला — आईशी असंच वागायचं असेल तर फोन करू नकोस.

१६ मार्च

वहिनीचा फोन. दादाला ऐकू येत नाही. हिवाळ्यापासून. क्रेनचं कामही सुटलंय. आईला कळू नये म्हणून वहिनी मोबाइलच्या मागे उभी राहून आईचं बोलणं पाटीवर लिहिते. तो वाचतो, मग उत्तर देतो.

"आधी सगळ्यांचाच आवाज उशिरा यायचा ना," वहिनी म्हणाली. "तेव्हा खपून जायचं गं."