मिळालं, येतोय

६ नोव्हेंबर, सुरिगाव
लागली एकदाची नोकरी! मासेमारी कंपनी, आणि काम चक्क पंख्याखाली बसून. धाकटा भाऊ जुनरी याच कंपनीच्या बोटीवर असतो. म्हणाला, मानोय (थोरल्या भावाला आम्ही हेच म्हणतो), तू खुर्चीत आणि मी उन्हात, वा रे न्याय.

प्रत्येक बोटीवर ठरलेल्या बटणांचं यंत्र आहे. बटण दाबलं की निरोप किनाऱ्यावरच्या संदेश-प्रोग्रॅमच्या रांगेत येतो. मी सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरून तो उचलायचा, पडद्यावर दाखवायचा आणि पोच द्यायची. पोच गेली की बोटीवर उमटतं, 'मिळालं, येतोय.' नाही दिली, तर तोच निरोप पुन्हा येतो.

९ नोव्हेंबर
रांगेत पुढेच एक निरोप अडकलाय. 'पाणी शिरलंय.' बोटीचं नाव कोरं. कंपनीच्या मालकीण मॅम लुर्देस आंबा सोलता सोलता म्हणाल्या, ती गेल्या वर्षीची बुडालेली बोट, वादळात डिझेल जाळत कोण जाणार होतं? म्हणून पोच दिलीच नाही. त्यांनी फोड पुढे केली.

१२ नोव्हेंबर
त्या बोटीचं यंत्र समुद्राच्या तळाशी आहे, तरी निरोप नवे येताहेत, आजच्या वेळेचे. बाकी बोटींचे निरोप त्यात दिसेनात. माझ्याआधीचा विल्मार यामुळेच पळाला म्हणे. मॅम म्हणाल्या, भुतं बघायचा पगार देत नाही मी, पडदा साफ कर.

केला. 'पाणी शिरलंय' दिसलं की प्रोग्रॅम परस्पर पोच देतो आणि निरोप फेकतो. नाव कोरं असेल तरच फेक, ही अट घालायची राहिली. उद्या घालतो. पडदा कसा लख्ख झाला! मॅमनी भाजलेलं डुक्कर खिलवलं.

१४ नोव्हेंबर
वादळ. जुनरी बाहेर. ती अट राहिलीच होती, पण पडद्यावर काही नाही. आईला फोनवर सांगितलं, निरोप नाही म्हणजे पोरगं ठीक आहे.

१५ नोव्हेंबर
जुनरीच्या बोटीवरचा म्हातारा आचारी परत आला. एकटाच.

बोट बुडत असताना शेजारून एक होडी गेली, तीत एकाचीच जागा होती. जुनरीने त्याला तीत ढकललं. यंत्र दाखवून हसला म्हणे— माझा भाऊ बसलाय तिकडे, येतोय म्हणालाय, तुम्ही जा बिनघोर.

मी. मी म्हणालो येतोय.

१६ नोव्हेंबर
अट घातली. आता घातली. मॅम म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस, विमा अडकेल— मी आईलाही सांगितलं, जुनरीने निरोप पाठवलाच नव्हता.

१७ नोव्हेंबर
नाव कोरं. 'मानोय, कुठवर आलास?' असलं बटणच नाही यंत्रावर— प्रोग्रॅम बंद केला. तार उपटली. तरी—

१८ नोव्हेंबर
आईचा फोन. चालूच आहे. आवाज आनंदाचा— तू खोटं का बोललास रे, म्हणते. जुनरी आलाय. ओलाचिंब आहे, जेवत नाही, नुसता दाराकडे बघतो. मी ओरडलो, आई, बाहेर पळ. ती हसली. म्हणते, कशी पळू, हात घट्ट धरलाय त्याने, म्हणतोय मानोय येईपर्यंत तुला—